जपानच्या सहलीत हलाल जेवण कसं शोधायचं, आणि सोबतच्या मुस्लिम कुटुंबांना त्याची माहिती कशी द्यायची?

विमानाचं आधी बघा. बुकिंगमध्ये 'मुस्लिम मील' (कोड एमओएमएल) निवडा, साधारणपणे उड्डाणाच्या किमान २४ तास आधी.

टोकियोत शिन-ओकुबो स्टेशनजवळच्या गल्लीत आपल्याकडच्यासारखी दुकानं आहेत: हलाल मटण, मसाले, सगळं मिळतं. योयोगी-उएहारा भागातल्या टोकियो जामी मशिदीतही हलाल दुकान आहे. (मशीद बघण्यासारखी आहेच, तुर्की धाटणीची, २००० साली उघडलेली.)

खरी गोम रश्शात आणि सॉसमध्ये असते. 'डुक्कर नाही ना?' एवढं विचारून भागत नाही. टोंकोत्सु रामेन या नूडल्सचा रस्सा डुकराच्या हाडांचाच, आणि वर नुसत्या भाज्या दिसल्या तरी खाली तोच असू शकतो. तेरियाकी मासा (गोडसर सॉस लावून भाजलेला) निर्धास्त वाटतो, पण त्या सॉसमध्ये बहुधा मिरीन किंवा साके, म्हणजे तांदळाचं मद्य असतं.

ग्रुपवर नुसतं 'इथे हलाल मिळतं' असं टाकू नका. प्रमाणपत्राचा फोटो, त्यावरची मुदत आणि ते अख्ख्या हॉटेलला आहे की एखाद्याच पदार्थाला, हे लिहा. 'मुस्लिम फ्रेंडली' पाटीच्या काही ठिकाणी दारूही मिळते. तेही स्पष्ट सांगा, चालवून घ्यायचं की नाही ते ज्याचं तो ठरवेल.