‘स्टॉप ट्रिक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसवर लेख लिहिताना ‘स्टॉप ट्रिक’साठी, म्हणजे कॅमेरा मध्येच थांबवून समोरची वस्तू किंवा माणूस बदलण्याच्या युक्तीसाठी, मराठी शब्द हवा आहे. ‘ट्रिकसीन’ किंवा ‘जंप कट’ चालेल का? आणि नाव मेलिएस, मेलीज की मेलिये?

‘जंप कट’ नकोच. ‘ट्रिकसीन’ चुकीचा नाही, पण फार पसरट आहे. फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांपासून पुढे पडद्यावर जे जे चमत्कारिक घडलं ते सगळं आपण ट्रिकसीनच्या खात्यात टाकत आलो. बाण हवेत भिडले तरी ट्रिकसीन, नायकाचा डबल रोल असला तरी ट्रिकसीन. मेलिएसच्या बाबतीत नेमकी कोणती युक्ती, हे सांगावंच लागतं, कारण त्याच्या एकाच चित्रपटात तीन-चार वेगवेगळ्या युक्त्या असतात.

आधी ही युक्ती प्रत्यक्षात कशी होते ते पाहू, म्हणजे शब्द आपोआप सुचेल. मेलिएस मुळात जादूगार. १८८८मध्ये त्याने पॅरिसचं ‘तेआत्र रोबेर-उदँ’ हे जादूच्या प्रयोगांचं नाट्यगृह विकत घेतलं. १८९६मध्ये त्याने रंगमंचावरचा एक गाजलेला खेळ पडद्यावर आणला: बाई खुर्चीवर बसते, तिच्यावर कापड टाकतात, कापड काढलं की बाई गायब. नाटकात हे खालच्या चोरदारातून व्हायचं. चोरदार नाही हे दाखवायला जमिनीवर वर्तमानपत्र अंथरायचे, आणि खरी मेख त्या वर्तमानपत्रातच असायची. चित्रपटात चोरदाराची गरजच उरली नाही, तरी मेलिएसने वर्तमानपत्र मात्र अंथरलं. शिवाय बाई परत आणण्याआधी तिच्या जागी हाडांचा सांगाडा आणून दाखवला. ही भर कॅमेऱ्यामुळेच शक्य झाली. (ती बाई म्हणजे जान द’आल्सी. पुढे १९२०च्या दशकात दोघांनी लग्न केलं.)

कृती अशी. कॅमेरा पक्का रोवलेला, कारण तो केसभर हलला तरी मागचा पडदा टुणकन उडी मारल्यासारखा दिसतो. ठरल्या क्षणी सगळ्यांनी जिथल्या तिथे थिजायचं आणि कॅमेऱ्याचं हँडल थांबवायचं. बाई उठून जाते, सांगाडा बसवतात. जादूगाराने हात तसाच वर धरून ठेवायचा. मग पुन्हा हँडल सुरू. इथवर ‘स्टॉप’ हे नाव शोभतं. पण हाताने फिरवायचं हँडल एकदम थांबत नाही आणि एकदम वेगही घेत नाही. नेहमीचा वेग सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ फ्रेमी, म्हणजे सेकंदाला सोळा. थांबताना आणि सुरू होताना फेरा मंदावतो, त्या फ्रेमींवर जास्त वेळ उजेड पडतो आणि पडद्यावर त्या जागी पांढरा भपका येतो. शिवाय थिजलेला माणूस कितीही कसलेला असला तरी हात थोडा घसरतोच. म्हणून फीत धुतल्यावर थांब्याच्या दोन्ही बाजूंच्या बिघडलेल्या फ्रेमी कापायच्या, हात आणि कापड जिथे बरोबर जुळतील ती जागा शोधायची आणि दोन टोकं चिकटवायची. मूळ फिती तपासणाऱ्या फ्रेंच अभ्यासकांना अशा बदलाच्या जागी ही जोड सापडली. म्हणजे निम्मं काम कात्री आणि डिंकाचं. ‘स्टॉप ट्रिक’ या नावात ते निम्मं काम येतच नाही. इंग्रजीतले अभ्यासकही आता ‘सब्स्टिट्यूशन स्प्लाइस’ (अदलाबदलीसाठी फितीत केलेली जोड) म्हणतात ते यामुळेच.

त्याचं ‘प्रतिस्थापन संधी’ असं सरकारी मराठी करता येईल, पण ते वाचून कोणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहणार नाही. माझी सूचना ‘पालटजोड’. काय पालटलं आणि कसं जोडलं, दोन्ही त्यात येतं. स्त्रीलिंगी, जोडसारखंच चालवावं: ‘पालटजोड साधली’, ‘पालटजोडीने बाई नाहीशी केली’. नवा शब्द नको असेल तर सरळ ‘कॅमेरा थांबवून केलेली अदलाबदल’ लिहा, बिघडत नाही.

‘जंप कट’ का नको? त्यात मधला काळ गाळलाय हे प्रेक्षकाला खुपावं असाच हेतू असतो. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या १९६०च्या पहिल्या मोठ्या चित्रपटापासून तो शब्द गाजला. पालटजोडीत उलट, काळ अखंड वाहतोय असं वाटलं तरच जादू होते. ‘स्टॉप मोशन’ही वेगळं: तिथे एकेक फ्रेम घेत निर्जीव वस्तू हलवतात. फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’मध्ये थांबून थांबून फ्रेमी घेतल्या, त्यातही अदलाबदल नाही, फक्त काळ आकसलेला आहे. आणि एकाच चौकटीत सात मेलिएस सात वाद्यं वाजवतात (१९००चा ‘लोम ऑर्केस्त्र’), ते डबल एक्स्पोजरचं सातपदरी रूप. काळ्या पार्श्वभूमीवर फीत दर वेळी मागे गुंडाळून पुन्हा चित्रण. काळ्या भागातून फितीवर उजेड पडत नाही म्हणून ती जागा पुढच्या फेरीला कोरी राहते. सातव्या फेरीत चूक झाली की आधीच्या सहाही वाया. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये (१९१८) कंसाचं डोकं धडावेगळं होऊन वर जातं, त्या दृश्यासाठीही ‘डबल एक्स्पोजर’ हाच शब्द वापरावा, पालटजोड नव्हे.

मेलिएसच्या १९०२च्या चंद्रसफरीवरच्या चित्रपटात पालटजोडी मोजायला बसलात तर भरपूर सापडतील. शास्त्रज्ञांच्या हातातल्या दुर्बिणींची स्टुलं होतात ती एक. छत्रीचा फटका बसताच चंद्रवासीयाचा धूर होतो ती दुसरी. चंद्राच्या डोळ्यात अग्निबाण घुसतो, तिथेही चेहरा जवळ आल्यावर अदलाबदलच आहे.

लेखात ‘युक्तीचा जनक’ असं लिहू नका. पॅरिसच्या ऑपेरा चौकात कॅमेरा अडकला आणि पडद्यावर घोड्यांच्या बसची शववाहिका झाली, ही गोष्ट मेलिएसने स्वतः सांगितली आहे आणि ती फार गोड आहे, पण तिच्यावर इमले बांधू नयेत. १८९५मध्येच एडिसनच्या कंपनीने स्कॉटलंडच्या राणी मेरीचा शिरच्छेद दाखवताना माणसाच्या जागी बाहुला ठेवून हेच केलं होतं. मेलिएसचं श्रेय वेगळं: त्याने ही क्लृप्ती शेकडो चित्रपटांत वापरून तिला भाषेसारखं वळण दिलं. तसंच, फाळके त्याच्याकडून शिकले असंही पुराव्याशिवाय लिहू नये. दोघेही जादूगार होते एवढं खरं. फाळके जादूचे प्रयोग करताना ‘प्रोफेसर केळफा’ होत. नाव उलटं वाचून पाहा.

आता नाव. फ्रेंचमध्ये शेवटचा ‘स’ बऱ्याचदा उच्चारत नाहीत, म्हणून ‘मेलिये’ शिरलं असावं. पण या आडनावात तो उच्चारतात. ‘मेलीज’ इंग्रजी वळणाचं. उच्चाराला सर्वांत जवळचं ‘मेल्येस’, वाचायला सोपं ‘मेलिएस’. यांपैकी एक निवडा आणि लेखभर तेच ठेवा. ‘जॉर्जेस’ मात्र नको, तिथला शेवटचा ‘स’ खरोखरच मुका आहे. सामान्यरूप करू नका: ‘मेलिएसाने’ नव्हे, ‘मेलिएसने’.