चुंबक पारा ओढतो का?

प्रश्न : एका व्हिडिओत समुद्राच्या पाण्यात काळी पावडर टाकली, बाहेरून चुंबक लावला आणि पारा, शिसं सगळं निघालं म्हणे. पण पारा कुठे चुंबकाला चिकटतो? आणि हे खरं असेल तर आमच्या खाडीत दोन पोती ओतायला काय हरकत आहे? – एक वाचक, उरण

उत्तर : शंका रास्त आहे, पारा, शिसं, कॅडमियम यातलं काहीच चुंबकाला लागत नाही. लागते ती पावडर, कारण तिच्या पोटात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचे बारीक कण असतात आणि भोवती सच्छिद्र थर, सिलिकाचा, कार्बनचा नाहीतर एमओएफचा (मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची छिद्रांची जाळी; 2025 चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्यावर मिळालं तेच हे, एका ग्रॅमच्या छिद्रांचं आतलं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या वर सहज जातं). धातू अडकतो या छिद्रांत, चुंबक फक्त पावडर गोळा करतो, म्हणजे फिल्टर तुंबायची भानगड नाही. बीकरला बाजूने दणकट चुंबक टेकवला की काळं पाणी थोड्या वेळात नितळ आणि काचेवर काळा पट्टा, बघायला मजा येते.

खरी डोकेदुखी मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार, त्यात नुसतं मॅग्नेशियमच 1.3 ग्रॅमच्या आसपास, आणि खुल्या समुद्रात पारा मोजायचा तर ग्रॅमच्या अब्जाव्या भागात! येईल त्याला आत घेतलं तर मॅग्नेशियम-कॅल्शियमच सगळ्या सीटा धरून बसणार. म्हणून छिद्रांच्या भिंतींवर गंधकवाले थायॉल गट बसवतात, गंधकाचं पारा-शिशाशी चांगलं जमतं, मॅग्नेशियमला तो विचारतही नाही. तरी मिठातलं क्लोराइड पाऱ्याला धरून ठेवतंच, त्यामुळे साध्या पाण्यातले ‘99 टक्के काढलं’ छाप दावे दिसले की मी आधी पाणी कुठलं वापरलं ते बघतो.

खाडीत मात्र ओतू नका हो! चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, भरती-ओहोटीत पसरलेली पावडर गोळा कोण करणार, ती पाऱ्यासकट शिंपल्यांच्या पोटात जायची. शिवाय खाडीतला बराचसा धातू गाळात जाऊन बसलेला असतो, जपानमध्ये कारखान्याच्या पाऱ्याने विषारी झालेल्या मिनामाताच्या खाडीत 1977 ते 1990 गाळच उपसत बसावं लागलं.

ही पावडर वापरायची ती टाकीत, सांडपाणी बाहेर पडायच्या आधी. नंतर सौम्य आम्लाने धुवून परत वापरता येते, आम्ल जास्त कडक झालं तर आतलं मॅग्नेटाइटच विरघळतं. लॅबमध्ये समुद्राच्या पाण्यातला किंचितसा धातू एकवटून मोजायलाही ती वापरतात, आणि सध्या तरी मला तोच तिचा सगळ्यात पक्का उपयोग वाटतो.