जंगलाची पुस्तकं : वाचक विचारतात

गेल्या अंकात निसर्गावरच्या पुस्तकांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा असं म्हटलं होतं, त्यावर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज इतके आले की सगळे एका अंकात मावणं शक्यच नाही. त्यामुळे ज्यांच्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी पत्रं घेतलीत आणि लांब होती ती थोडी कापलीत.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते, नोकरी फोर्टला. जंगल म्हणजे शाळेच्या सहलीत बघितलेलं बोरिवलीचं नॅशनल पार्क, बास. पण लॉकडाऊनमध्ये गॅलरीतून पक्षी बघायची सवय लागली ती लागलीच. आता वाचावंसं पण वाटतं. मैत्रिणीने मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ दिलं, पण मी सुरुवातीलाच अडकले. इंग्लिश वाचून दमायला होतं. कुठून सुरू करू?

उत्तर : अडकलात यात नवल नाही हो, ‘चकवाचांदण’ हे त्यांचं जाडजूड आत्मचरित्र आहे, आधी त्यांची ओळख झाली, जीव जडला की मग ते वाचायचं. आत्ता ते बाजूला ठेवा आणि ‘रानवाटा’ घ्या. छोटे छोटे लेख आहेत, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर एक लेख आरामात होतो. चितमपल्लींची सगळी नोकरी वनखात्यात गेली, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट, आणि तिथल्या माणसांकडून त्यांनी जे ऐकलं ते स्वतः पाहिलेल्याच्या शेजारी ठेवून दिलं. म्हणून वाचताना एवढं भान ठेवायचं की अमुक झाड असं करतं, तमुक पक्षी तसं करतो यातलं काही निरीक्षण आहे आणि काही लोकांमध्ये चालत आलेली गोष्ट आहे, दोन्हीची गोडी वेगळी. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले, त्यामुळे सध्या त्यांची पुस्तकं दुकानात पुन्हा दिसायला लागलीत, मिळतायत तोवर घेऊन ठेवा.

पण मला विचाराल तर तुमच्यासाठी पहिलं पुस्तक दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. १९५६ सालचं आहे म्हणून घाबरू नका. चैत्रापासून एकेक महिना घेऊन त्या महिन्यात आभाळ कसं असतं, कुठल्या झाडाला पालवी येते, कशाला मोहोर येतो हे त्या लिहीत जातात. सरळ पहिल्या पानापासून वाचू नका, जो महिना चालू आहे तेच प्रकरण काढा आणि त्या महिन्यात दोनदा वाचा, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, मधल्या दिवसांत खिडकीबाहेर बघत राहा. हे पुस्तक वाचायला जंगलात जावं लागत नाही, रेल्वेलाईनच्या कडेचा पांगारा, सोसायटीतला बहावा एवढं पुरतं.

आणि गॅलरीतून बघताच आहात तर उन्हाळ्यात भर दुपारी टुक टुक टुक असा एकसुरी आवाज येतो ना, तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छाती लाल, आणि इतका स्थिर बसतो की आवाज कानावर असूनही दिसत नाही. शेवग्याच्या किंवा कुठल्याही वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला रुपयाएवढं गोल भोक दिसलं तर तिथे लक्ष ठेवा, त्याचं घर असू शकतं. असं काही दिसलं की नावासाठी चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ लायब्ररीतून आणा.

पक्षीतज्ज्ञ सालीम अलींचं नाव पण तुम्ही पत्रात लिहिलंय. त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ मध्ये आलं, इंग्लिश आहे पण ते वाचायचं नसतंच, बघायचं असतं, तेव्हा दमायचा प्रश्न नाही. त्यांची गोष्ट मराठीतून हवी तर वीणा गवाणकरांनी लिहिलेलं चरित्र आहे. नोकरी नव्हती तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि १९३० च्या पावसाळ्यात सुगरणींची वसाहत बघत बसले. नर अर्धंच घरटं विणतो, माद्या येऊन आत शिरून तपासतात, एखादीला पसंत पडलं तर ती राहते, मग हा खालची नळी पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सगळं त्यांनी नुसतं चिकाटीने बघून शोधलं. कल्याणच्या पुढे शेतं लागतात तिथे पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या बाभळीवर, शिंदीवर ही अर्धवट घरटी तुम्हालाही दिसतील.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. व्यंकटेश माडगूळकरांचं वानरांच्या टोळीवरचं ‘सत्तांतर’ आत्ता तिसऱ्यांदा वाचलं. नवा नर टोळीचा ताबा घेतो आणि पिल्लं मारतो, हे खरोखर घडतं की लेखकाने माणसांच्या राजकारणावर बोलायला ते वापरलंय? आमच्या देवळाजवळ वानरं असतात, मी असलं कधी बघितलं नाही. आणि यासारखं अजून काय वाचू?

उत्तर : सर, खरोखर घडतं. आणि गंमत म्हणजे हे जगात पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं ते आपल्याच शेजारी, धारवाडच्या जंगलात, १९६० च्या दशकात, सुगियामा नावाच्या जपानी संशोधकाने. मग जोधपूरकडे मोहनोत यांनी पाहिलं आणि १९७० च्या दशकात सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी माउंट अबूला अनेक वर्षं वानरांच्या टोळ्यांमागे हिंडून सविस्तर काम केलं. तोपर्यंत बऱ्याच जणांचं म्हणणं असं होतं की गर्दी झाली, माणसांचा त्रास झाला म्हणून वानरं बिघडल्यासारखी वागतात. हर्डींनी वेगळं कारण मांडलं. टोळीतला हुप्प्या तिथे फार काळ टिकत नाही, दोन-तीन वर्षांत त्याला कुणीतरी हाकलतो. अंगावर पिणारं पोर असलं की मादी माजावर येत नाही, पोर गेलं की लवकर येते. म्हणजे नव्या नराला जो थोडा काळ मिळतो त्यात स्वतःची पोरं व्हावीत म्हणून हा खून. ऐकायला भयंकर आहे, पण माद्याही गप्प बसत नाहीत, म्हाताऱ्या माद्या पुढे होऊन नराच्या अंगावर जातात, काही जणी पोराला घेऊन टोळीपासून लांब राहतात.

‘सत्तांतर’ १९८२ चं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं, म्हणजे ही चर्चा ताजी असतानाचं पुस्तक आहे. तुम्हाला त्यात माणसांचं राजकारण दिसतं ते चूक नाही, शीर्षकच तसं आहे, पण मला ते पुस्तक मोठं वाटतं ते माडगूळकरांनी वानराला वानरच राहू दिलं म्हणून.

तुम्ही कधी बघितलं नाही त्याचं कारण सोपं आहे, ताबा बदलणं रोज घडत नाही आणि घडतं तेव्हा चटकन घडतं. पण देवळाजवळ टोळी आहे म्हणजे तुमच्यासारखं नशीब नाही! एक करा, टोळीत नवं पिल्लू आलंय का बघा. तान्हं पिल्लू काळपट असतं, तोंड गुलाबीसर, आई-मावशांच्या राखाडी अंगावर लगेच उठून दिसतं. ते फक्त आईकडे नसतं, बाकीच्या माद्या ते मागून घेतात, ओढून घेतात, थोडा वेळ सांभाळतात, एखादी कंटाळून खाली ठेवून पण देते आणि मग ते ओरडतं. कोण कुणाला पोर देते आणि कोण देत नाही हे लिहून ठेवा, म्हणजे चौथ्यांदा वाचाल तेव्हा पुस्तक वेगळं लागेल.

पुढे वाचायला माडगूळकरांचंच ‘नागझिरा’ आहेच, मग किरण पुरंदरेंचं ‘सखा नागझिरा’, एकाच जंगलावरची दोन माणसांची दोन पुस्तकं लागोपाठ वाचायला मजा येते. इंग्लिश चालत असेल तर जेन गुडॉल यांचं ‘थ्रू अ विंडो’, १९९० चं. आफ्रिकेत टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात चिंपांझींची एक टोळी फुटली आणि एका बाजूच्या नरांनी काही वर्षांत दुसऱ्या बाजूला एकेक करून संपवलं, हे त्यात आहे. मिलिंद वाटव्यांचं ‘आरण्यक’ पण घ्या, फक्त मागवताना लेखकाचं नाव सांगा, नाहीतर त्याच नावाची बिभूतिभूषणांची बंगाली कादंबरी हातात येईल. तीही सुंदर आहे म्हणा, बिहारमधलं जंगल तोडून कुळं वसवायची नोकरी करणारा माणूस त्याच जंगलाच्या प्रेमात पडतो.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा, दिवसभर यूट्यूबवर प्राण्यांचे व्हिडिओ बघतो, पुस्तक दिलं की जांभई. काय करू? (एक बाबा, नाशिक)

उत्तर : त्याला पुस्तक देऊ नका, रात्री तुम्ही वाचून दाखवा. डॉ. प्रकाश आमट्यांचं ‘रानमित्र’ घ्या. गडचिरोलीतल्या हेमलकशाला शिकार करून परतणारे माडिया आदिवासी मेलेली माकडीण घेऊन चाललेले, तिच्या अंगाला जिवंत पिल्लू चिकटलेलं, ते डॉक्टरांनी तांदूळ देऊन मागून घेतलं, घरी आणलं, त्या पिल्लाचं नाव बबली. तिथून अस्वलं, बिबटे, मगरी सगळं सुरू झालं. हे आवडलं की विलास मनोहरांचं ‘नेगल’, नेगल हा तिथलाच बिबट्या. त्यानंतर ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’ तो आपणहून उचलेल असं मला वाटतं, धरणात जाणाऱ्या गावातला मुलगा आहे त्यात, शेवटी डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा तुम्ही जवळ असा.

इंग्लिश मीडियमचा असेल तर जेराल्ड डरेलचं ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ तुम्ही आणि तो मिळून वाचा. डरेल दहा वर्षांचा असताना ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहायला गेला तेव्हाची गोष्ट आहे, वर्णनं जड वाटली तर सरळ ओलांडा. त्याने काडेपेटीत पिल्लांसकट विंचवीण ठेवलेली असते आणि मोठा भाऊ सिगरेट पेटवायला नेमकी तीच काडेपेटी उघडतो, हा प्रसंग आधी वाचा. एक मात्र आधीच सांगून ठेवते, ही पुस्तकं वाचून पोरं काहीतरी पाळायचा हट्ट धरतात, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानटी प्राणी घरी ठेवता येत नाही, पिंजऱ्यातला देशी पोपटसुद्धा नाही. मुंग्या, सुरवंट, गांडुळं बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

झाडांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय त्यांना थोडक्यात : डॉ. शरदिनी डहाणूकरांची ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’. दोन्ही घ्या. घरात कुणाला भेट द्यायची असेल तरी हीच.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावातून लिहितो आहे, नाव छापू नका. जंगलाची सगळी पुस्तकं बाहेरून येणाऱ्या लोकांची, त्यात वाघ म्हणजे राजा. आमच्याकडे मोहाची फुलं वेचायला गेलेली बाई परत येत नाही. आमच्या बाजूने लिहिलेलं काही आहे का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी संपादकांना पण वाचून दाखवलं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली वाकून फुलं वेचणारी बाई आणि जिप्सीत बसून वाघ बघणारा पाहुणा यांचं जंगल एक नाही, आणि आपल्याकडची बहुतेक पुस्तकं दुसऱ्याच्या बाजूने आहेत.

ती भीती खरी लिहिलेली मला जिम कॉर्बेटकडे सापडते, शिकारी असूनही. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’, १९४४ चं, मराठी अनुवाद मिळतो. चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसं मारली होती. १९०७ मध्ये कॉर्बेट पाली गावात पोचला तेव्हा गाव पाच दिवस दारं लावून घरात बसलेलं, पाण्यालासुद्धा कुणी बाहेर पडत नव्हतं. हे तो गावकऱ्यांच्या अंगणात उभा राहून सांगतो. आणि वाघीण मारल्यावर तिचं तोंड उघडून बघतो तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा दोन्ही सुळे तुटलेले, कुणाच्या तरी जुन्या गोळीने. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसावर आली असं त्याचं म्हणणं. तुमच्याकडे प्रत्येक वेळी कारण हेच असेल असं मी म्हणत नाही, पण गावाचं दुःख आणि जनावराचं कारण दोन्ही सांगणारा लेखक विरळा.

माणसांच्या बाजूने म्हणाल तर मिलिंद बोकिलांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ नक्की वाचा, तुमच्या शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढा-लेखाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकायचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला, हे कसं झालं ते त्यात नीट कळतं. डॉ. राणी बंग यांचं ‘गोईण’ बायकांनी सांगितलेल्या झाडांचं आहे, मोह पण आहे त्यात. माधव गाडगीळांचं ‘सह्याचला आणि मी’ जाड आहे, पण जंगल राखायचं तर तिथल्या लोकांवर विश्वास ठेवा असं आयुष्यभर सांगितलेल्या शास्त्रज्ञाचं ते आत्मचरित्र आहे, तुमच्या गावच्या वाचनालयात मागवून घ्या.

तरीपण तुम्ही विचारलंत ते पुस्तक यातलं एकही नाही, म्हणजे तुमच्या गावातल्या माणसाने स्वतः लिहिलेलं. म्हणून एक मागते. मोहाच्या दिवसांत घरातून किती वाजता निघतात, कोण कुणाच्या सोबत जातं, झाडं कशी वाटून घेतलेली असतात, वाघाचा माग दिसला तर काय करतात, तेंदूपत्त्याच्या वेळी काय बदलतं, हे सगळं लिहून पाठवा. तुमच्या बोलीतच लिहा, फोनवर रेकॉर्ड करून पाठवलंत तरी चालेल, उतरवून घ्यायचं काम आमचं.