काचेमागचा रंग बघून टोप्या रंगवू नका

‘ठाण्याचा किल्ला, १७७४’ अशी एकांकिका बसवताय आणि ड्रेपरीवाला इंग्रजांसाठी सोला हॅट, मराठ्यांसाठी सरसकट भगवे फेटे काढून देतोय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि नऊ वर्षांपूर्वीची आमची तालीम आठवली. तोच किल्ला, तोच घोळ. आधीच सांगतो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बँकेत नोकरी करून हौशी नाटकं करणारा माणूस आहे.

सोला हॅट, म्हणजे साहेबांची ती भेंडाची घुमटासारखी टोपी, आजच परत करा, ती एकोणिसाव्या शतकातली. उंच नळकांडी हॅटही नको, तीसुद्धा १७९०च्या आसपासची. तीन बाजूंनी दुमडलेली फेल्टची हॅट लागेल, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आमची माती झाली ती रंगात. अस्सल वस्तू बघायची म्हणून एका संग्रहाच्या कार्यालयात अर्ज केला. पहिल्यांदा शिक्का नव्हता, मग साहेब रजेवर, मग ‘हा अर्ज आमच्याकडे नाही, वरच्या मजल्यावर द्या’. दोन महिन्यांनी एक फोटो हातात पडला. हॅट तपकिरी, पागोटं बिस्किटाच्या रंगाचं. पुरावा मिळाला म्हणून आम्ही खूश! अकरा हॅटा तपकिरी रंगवून घेतल्या, पागोटी बिस्किटी. स्पर्धेत पडदा उघडला आणि मागच्या रांगेतून आवाज आला, “सगळे एकाच चहाच्या पातेल्यातून काढलेत काय रे?” पुढची पाच मिनिटं गंभीर प्रवेशाला लोक हसत होते.

पैसे गेल्यावर शहाणपण आलं. त्या काळी फेल्ट काळं करायचे ते लॉगवुड नावाच्या लाकडाचा अर्क, मायफळ (ओक झाडावरच्या गाठी) आणि हिराकस (लोहाचा क्षार) वापरून. हा काळा रंग वर्षानुवर्षं उजेड खाऊन तांबूस-तपकिरी होतो. पागोट्याचा कुसुंबा, म्हणजे करडईच्या फुलांचा रंग, तर उन्हात अजिबात टिकत नाही. म्हणजे आम्ही १७७४चा रंग उचललाच नव्हता, दोनशे वर्षांचं विटणं उचललं होतं. पुढे त्याच कार्यालयात अनामत परत मागायला गेलो (मिळाली नाही, तो वेगळा विषय), तेव्हा पागोटं दुसऱ्या कपाटात हलवत होते. शिपाईकाकांनी एक पीळ बोटाने जरासा उचलून दाखवला. आत डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल! जे काकांना माहीत होतं ते फोटो पाठवणाऱ्याला एका ओळीत लिहिता आलं नसतं? असो.

तर अधिकाऱ्यांच्या हॅटा काळ्या घ्या, कडेला सोनेरी किंवा रुपेरी लेस, बाजूला काळ्या फितीचं फूल. तपकिरी-करड्या एक-दोनच ठेवा, साध्या माणसांसाठी. न रंगवलेलं फेल्ट तसंच दिसतं.

पागोट्यांना पांढरा, कुसुंबी लाल आणि गुलाबी, मंजिष्ठेच्या मुळांचा विटकरी, निळीचा गडद निळा. हिरवा चालेल, पण तो निळीवर हळद चढवलेला, पोपटी झगमगाट नको. पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा कृत्रिम जांभळा आला १८५६ मध्ये. त्याआधी सगळा कारभार झाडं, मुळं, फुलं आणि लाखेच्या किड्यांवर. पण म्हणून सगळं मळकट करू नका, ताजा कुसुंबा चांगला झणझणीत दिसतो. पूर्वीचे रंग फिके असायचे, हा आपला गैरसमज जुन्या वस्तू बघून झालेला आहे. सरसकट भगवे फेटे म्हणजे लग्नाची वरात, हे माझं वैयक्तिक मत. दिग्दर्शक तुम्ही आहात.

काळ्यासाठी बूटपॉलिश वापरू नका. आमच्या एका कॅप्टनच्या कपाळावरून ते घामाबरोबर नाकापर्यंत आलं होतं. कापड ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर घेतलंत तर दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका, तुकडा घेऊन बाहेर उजेडात या. आणि प्रयोग गडकरी रंगायतनला असेल तर रंगीत तालमीला दिव्यांवर पिवळा जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून बघा. त्याखाली स्वस्तातला काळा हमखास चॉकलेटी दिसतो, म्हणजे पुन्हा चहाचं पातेलं.