जबडा ताठ असताना सीपीआर सुरू केला नाहीत, चुकलं नाही

तुमची पोस्ट वाचली आणि माझी २०१६ ची ती सकाळच समोर आली. तुमचा पहाटेचा कॉल, तीन वर्षांची पोरगी झोपेतच गेलेली, जबडा ताठ, पाठ जांभळी, तुम्ही सीपीआर (छाती दाबणं, श्वास देणं) केला नाही म्हणून घरचे अंगावर आले. जीव आहे की नाही शंका असेल तर सुरू करायचंच, हे १०८ च्या गाडीवर सगळ्यांना पाठ असतं. पण ताठ जबडा आणि जांभळी पाठ, ही जीव जाऊन वेळ झाल्याची दोन्ही लक्षणं दिसल्यावर शंका उरते कुठे?

त्या सकाळी मी उलटं केलं. दीड वर्षाचं लेकरू, कोपर वाकेना, पाठ जांभळी आणि करगोट्याखाली तेवढीच पांढरी रेघ, म्हणजे रक्त खाली साकळून कितीतरी वेळ झालेला. दिसत होतं सगळं. पण आईने पाय धरले आणि मी छाती दाबायला लागलो, ३५ मिनिटं, गाडी पळतेय, ती शेजारी बसून सारखी विचारतेय, "हाललं का हो?" ती खोटी आशा मी लावली तिला, अजून झोप उडते. वर ऑफिसने तीनदा लेखी खुलासा मागितला, कशाचा तर पोचायला ४ मिनिटं उशीर का झाला त्याचा! लेकराबद्दल एक ओळ नाही, माझी चौकशी तर सोडाच.

म्हणून माझं मत, दाखवण्यापुरता सीपीआर नको. आईसमोर खाली बसा आणि "गेलं" हाच शब्द वापरा, "सीरियस आहे" नको.

मात्र नुसत्या प्युपिलवर (डोळ्याच्या बाहुलीवर) गेलं असं कधीच ठरवू नका. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं पोर असेल तर आधी मण्यार साप चावला असेल का ते आठवा, पापण्या मिटलेल्या, प्युपिल फाकलेले, श्वास बंद, तरी नाडी लागू शकते आणि हाताने दाबायच्या बॅगने श्वास देत राहिलं तर पोर वाचतं. तान्ह्याची नाडी दंडाच्या आतून बघा, १० सेकंदांच्या वर नाही. श्वास देऊनही नाडी ६० च्या खाली आणि अंग पांढरंफटक असेल तर छाती दाबायला लागा.

मी आता गाडीवर नाही, त्यामुळे तुमचा प्रोटोकॉल काय सांगतो ते आधी बघा. कॉल सेंटरच्या डॉक्टरशी तिथूनच बोला, ताठरपणा कुठे होता ते वेळेसकट केसपेपरवर लिहा आणि ईसीजीची सरळ रेघ आलेली पट्टी जोडा, तिची झेरॉक्स पण काढा, ती शाई उडते.