अचानक पाळी आल्यावर मदत मिळवून देणाऱ्या ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर काय असावं?

एकच मोठं बटण ठेवा, 'आत्ता पॅड हवंय', आणि ते लॉगिनशिवाय चाललं पाहिजे. कारण ॲप उघडणारी बहुतेकदा स्वच्छतागृहात दार लावून अडकलेली असते: एका हातात फोन, दुसऱ्या हाताने कपडे सावरलेले, रेंजची एखादीच काडी. अशा वेळी ती ओटीपीची वाट बघत बसणार नाही, आणि नकाशा तर उघडतच नाही. म्हणून पॅड मिळण्याची जवळची ठिकाणं फोनमध्ये आधीच उतरवलेली असू द्या, विनंती साध्या एसएमएसनेही जाऊ द्या. मदतीला येणारीला फक्त मजला आणि हवी ती वस्तू दिसावी. नाव-नंबर नको, काम झालं की नोंद पुसली जावी. पाळीच्या तारखा विचारूच नका, या कामाला त्या लागत नाहीत. नोटिफिकेशनमध्ये 'पाळी' हा शब्दही नको, शेजारच्याची नजर पडते. एक मात्र आहे: सलग २ तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा गरोदरपणात रक्त जात असेल, तर नुसत्या पॅडने भागणार नाही, तिथे ॲपने लगेच डॉक्टरकडे जायला सांगावं.