वीज करारातलं ‘उत्पादन’: मेगावॅट की मेगावॅट-तास?

प्रश्न असा आहे: वीजखरेदीच्या एका करारात ‘निव्वळ उत्पादन ५० मेगावॅट’ असं कलम आहे आणि पुढे ‘वार्षिक उत्पादन ३ लाख मेगावॅट-तास’ असं दुसरं. दोन्ही ठिकाणी ‘उत्पादन’ हाच शब्द चालेल का? आणि ‘मेगावॅट-तास’ बोजड वाटतो म्हणून ‘मेगावॅट प्रति तास’ लिहिलं तर बिघडतं का?

दुसऱ्या भागाचं आधी सांगतो. बिघडतं, आणि चांगलंच. ‘प्रति’ म्हटलं की भागाकार आला, इथे हवा आहे गुणाकार. ५० मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण भाराने ६ तास चालला की ३०० मेगावॅट-तास वीज तयार होते. ‘मेगावॅट प्रति तास’ ही निरर्थक रचना नव्हे. वीज बनवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे संचाचा, भार किती वेगाने चढवला हे त्याने सांगता येतं. अर्थ लागतो, म्हणूनच चूक डोळ्यांखालून निसटते. बातम्यांत तर ती सर्रास दिसते. खोड वॅटमध्ये आहे. एक ज्यूल प्रति सेकंद म्हणजे एक वॅट, म्हणजे ‘प्रति’ आधीच एककाच्या पोटात गेलेला. वेगाच्या एककाला ‘प्रति तास’ न म्हणता एखादं सुटसुटीत नाव असतं, तर अंतर सांगतानाही आपली अशीच तारांबळ उडाली असती.

आता ‘उत्पादन’. मराठीत हा शब्द क्रियेला चालतो (उत्पादन बंद पडलं) आणि निघालेल्या मालाला चालतो (यंदा उत्पादन घटलं). या क्षणी किती जोराने वीज निघते आहे, हा अर्थ त्यात मुळातच नाही. प्रकल्पात काम करणारे ‘संच ४२ मेगावॅटवर चाललाय’ असं म्हणतात, ‘उत्पादन ४२ मेगावॅट आहे’ असं क्वचितच. म्हणून मेगावॅटच्या कलमात ‘करारबद्ध क्षमता’ आणि मेगावॅट-तासाच्या कलमात ‘पुरवलेली वीज’ किंवा ‘ऊर्जा’ लिहावं, असं माझं मत. यात पैशाचा प्रश्न आहे. पुष्कळ करारांत दोन वेगळे आकार (शुल्कं) असतात: प्रकल्प वीज द्यायला सज्ज होता याबद्दल क्षमता आकार, आणि प्रत्यक्ष घेतलेल्या विजेबद्दल ऊर्जा आकार. खरेदीदाराने महिनाभर काहीच वीज उचलली नाही तरी पहिला आकार द्यावा लागू शकतो. दोन्हींना एकच नाव दिलं की भांडणाची सोय झाली.

‘निव्वळ’ हे विशेषणही नुसतं उभं ठेवू नये. कशातून काय वजा केलं ते लिहावं. कोळशाच्या प्रकल्पात पाण्याचे पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या मिळून तयार झालेल्या विजेतली साधारण ६ ते ९ टक्के वीज प्रकल्पच खातो. त्याला ‘स्ववापर’ हा छान मराठी शब्द आहे. जनित्राच्या (जनरेटरच्या) टोकाशी मोजलेली ती एकूण वीज. तिच्यातून स्ववापर आणि रोहित्रातली (ट्रान्सफॉर्मरमधली) हानी गेली की उरते ती निव्वळ. एकूण विजेला काही जण ‘ढोबळ’ म्हणतात. हिशेबाच्या वहीत ‘ढोबळ नफा’ रुळलेला आहे, मान्य. पण ‘ढोबळ ५४ मेगावॅट’ वाचून दहांतले नऊ जण ‘अंदाजे’ असाच अर्थ घेतील. ‘एकूण’ बरा.

आणि मोजायचं कुठे? ‘मापनबिंदू’ ठरवल्याशिवाय व्याख्या पुरी होत नाही. मीटर रोहित्राच्या अलीकडे असेल आणि विजेचा ताबा पलीकडे जात असेल, तर मधली हानी कशी धरायची त्याचं सूत्र करारात हवं. मुख्य मीटरजवळ एक तपासणी मीटर असतो आणि दोघांच्या नोंदींत किती फरक चालेल तेही लिहिलेलं असतं. इतकी काटेकोरी का, याचं उदाहरण देतो. १३२ किलोव्होल्टच्या वाहिनीवर मीटर थेट जोडत नाहीत. विद्युतधारा ४०० पट आणि दाब १२०० पट कमी करून मग त्याला दाखवतात, त्यामुळे गुणक होतो ४,८०,०००. मीटर या कमी केलेल्या राशीच मोजत असेल, तर ५० मेगावॅट अखंड चोवीस तास बाहेर गेले तरी त्याचा आकडा जेमतेम अडीच किलोवॅट-तासांनी सरकतो. दुसऱ्या दशांशस्थळी एकाचा फरक पडला की ४,८०० किलोवॅट-तास इकडचे तिकडे. म्हणून कलमात नुसतं ‘मीटरवरील आकडा’ लिहू नये, ‘मीटरची नोंद गुणिले गुणक’ असं लिहावं.

सौर प्रकल्प असेल तर आणखी एक शब्द जोडा. पॅनेलांच्या बेरजेची क्षमता दिष्ट धारेची (डीसी) असते, तीही प्रयोगशाळेतल्या ठरीव उजेडात आणि २५ अंश तापमानाला मोजलेली. वाहिनीवर चढते ती प्रत्यावर्ती धारा (एसी), आणि तिला इन्व्हर्टरची मर्यादा असते. दोन आकड्यांत बराच फरक पडू शकतो.

प्रश्नात नसलेला, पण याच करारात हमखास भेटणारा शब्द म्हणजे ‘मानीव’. प्रकल्प सज्ज होता, खरेदीदाराच्या बाजूची वाहिनी बंद होती, म्हणून वीज गेलीच नाही. तरी ती गेली असं धरून पैसे द्यायचे, याला ‘मानीव उत्पादन’ म्हणतात. गृहनिर्माण संस्थांच्या मानीव अभिहस्तांतरणातलाच (डीम्ड कन्व्हेयन्स) हा ‘मानीव’. इथे मात्र ‘उत्पादन’ राहू द्यावं, कारण ‘मानीव पुरवलेली वीज’ कानाला फारच खटकतं.

‘युनिट’बद्दल: बोलताना एक किलोवॅट-तास म्हणजे एक युनिट, त्याला हरकत नाही. पण प्रकल्पात ‘युनिट क्रमांक २’ म्हणजे यंत्राचा दुसरा संच. करारात यंत्राला ‘संच’ म्हणा आणि विजेला किलोवॅट-तास.